ग्रीक-तुर्क वैरावर लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकांसाठी आलेले इतिहासाचे लेख मी तपासतो. ग्रीक-तुर्कांवरचा लेख असला की पहिल्याच परिच्छेदात १४५३ येतं: कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) ओटोमन तुर्कांच्या हाती पडलं आणि तेव्हापासून हाडवैर. कृपा करून हे थांबवा. ओटोमन अमलात ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख त्याच शहरात राहिला. फानार भागातली ग्रीक घराणी सुलतानाच्या दरबारात दुभाषे झाली, मोल्डाव्हिया-वालाकिया या डॅन्यूबकाठच्या संस्थानांचा कारभार पाहू लागली. आजच्या वैराची मुळं ओटोमनांविरुद्धच्या १८२१ च्या ग्रीक उठावापासून शोधा. तेव्हा ग्रीसमधल्या त्रिपोलित्सा शहरात मुसलमान आणि ज्यू कापले गेले, १८२२ मध्ये खिओस बेटावर ग्रीक. लेखात एकच कत्तल असेल तर मी लेख परत पाठवतो.

दुसरी चूक १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीची. एका होतकरू लेखकाने नकाशाच काढून पाठवला: ग्रीक बोलणारे ग्रीसला, तुर्की बोलणारे तुर्कस्तानला. मी त्याला फोन करून विचारलं, मध्य तुर्कस्तानातल्या कापादोकियाच्या ख्रिस्त्यांचं काय? त्यांच्यातले बरेच जण घरात तुर्कीच बोलत, आणि तीच ग्रीक लिपीत लिहीत. ग्रीसच्या क्रीट बेटावरचे बहुतेक मुसलमान ग्रीक बोलत. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या करारात ठरलेला निकष धर्माचा होता, म्हणून हे लोक भाषाही न कळणाऱ्या देशात जाऊन पडले. "तळटीप टाकली तर चालेल?" असं त्याने विचारलं. नाही चालणार. सुमारे बारा लाख ख्रिस्ती आणि साडेतीन-चार लाख मुसलमानांच्या नशिबाचा प्रश्न आहे, लेख पुन्हा लिहावा लागतो. त्याने लिहिला, आणि चांगला लिहिला.

याला 'तिथली फाळणी' म्हणून मोकळं होऊ नका. ग्रीस-तुर्कस्तानात सक्तीची अदलाबदल दोन सरकारांनी करारात लिहून घेतली होती. बहुतेक ख्रिस्ती तर करारापूर्वीच, १९२२ मध्ये ग्रीक सैन्य हरल्यावर पळाले होते.

१९२२ मधल्या स्मर्नाच्या (आजचं इझमीर) आगीपाशी गोष्ट सुरू करू नका. मे १९१९ मध्ये ग्रीक फौज तिथे उतरली, तेही सांगा. सायप्रसचं तसंच: २० जुलै १९७४ ला तुर्की सैन्य उतरलं, पण अथेन्सच्या लष्करशहांनी बेटावर घडवलेलं बंड १५ जुलैचं.

मी कागदावर दोन रकाने आखतो, एक अथेन्सचा, एक अंकाराचा, आणि दोन्ही भरल्याशिवाय पहिलं वाक्य लिहीत नाही. वेळ जातो. ज्यांना एका संध्याकाळीत लेख हवा असतो, त्यांनी हा विषय घेऊ नये.

'कायमचे शत्रू' हे शब्दही खोडा. ग्रीक पंतप्रधान व्हेनिझेलोसने १९३० मध्ये अंकाराला जाऊन मैत्रीचा करार केला आणि १९३४ मध्ये नोबेल शांतता पारितोषिकासाठी तुर्कस्तानचा अध्यक्ष मुस्तफा केमाल याचं नाव सुचवलं.