'सी'चा गठ्ठा: एका अक्षराचे इंग्रजी शब्द पाठ कसे करावेत

शब्दसंग्रहाची वही 'ए'पासून सुरू करून 'झेड'पर्यंत न्यायची, हा बेत बहुतेकांचा 'बी' संपायच्या आत बारगळतो. त्यात आळसाचा भाग थोडा, पद्धतीचा जास्त. आद्याक्षराचा क्रम शब्द शोधायला उत्तम, पाठ करायला कुचकामी. शब्दकोशात शेजारी बसलेले शब्द दिसायला सारखे आणि अर्थाने परके असतात, म्हणून आठवताना एकाच्या जागी दुसरा येतो. एका अक्षराचा गठ्ठा जरूर करा, पण आतली रचना बदला. नमुन्याला 'सी' घेऊ. या अक्षरात शब्द भरपूर आणि फसगतीही भरपूर.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून ए-फोर आकाराचे तीन जाड कार्डशीट आणा. प्रत्येकाचे आठ समान तुकडे केले की साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटरची २४ कार्डं होतात. एका गठ्ठ्याला एवढी पुरेत. मोठं कार्ड घेतलं की त्यावर सगळा शब्दकोश उतरवायचा मोह होतो. शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी-मराठी असा घ्या, जुना चालेल, पण त्यात उच्चार आणि वापराची वाक्यं हवीत.

आधी उच्चार निस्तरा. 'सी'नंतर ई, आय किंवा वाय आला तर 'स' (सेंटर, सिटी, सायकल), एरवी बहुधा 'क'. 'सी-एच'चे मात्र तीन संसार आहेत. रोजच्या वापरातले चेअर, चीज 'च'ने. ग्रीकमधून आलेले केमिस्ट्री, कोरस, केऑस 'क'ने. फ्रेंचमधून आलेले शेफ, शोफर 'श'ने. म्हणजे 'केऑस' ऐकून 'के'ची पानं चाळत बसलात तर तो सापडणार नाही. इतर अक्षरांतही हाच घोळ आहे: नॉलेज 'के'त, सायकॉलॉजी 'पी'त, राँग 'डब्ल्यू'त. कानाला लागलेलं अक्षर आणि कागदावरचं अक्षर एकच असेल, असं गृहीत धरू नका.

आता खरं काम: शब्द कुळांनी लावायचे. 'सी'मधलं सर्वांत मोठं कूळ लॅटिन 'कॉम' या उपसर्गाचं, अर्थ 'एकत्र, सोबत'. पुढचं अक्षर बघून तो रूप बदलतो: बी, एम, पी यांच्याआधी 'कॉम' (कम्पाइल), एलआधी 'कॉल' (कलेक्ट), आरआधी 'कॉर' (करेस्पॉन्ड), स्वराआधी 'को' (कोऑपरेट), बाकी बहुतेक ठिकाणी 'कॉन' (कन्सेन्ट). मराठी माणसाला हे सोपं जावं, कारण आपल्याकडे 'सम्' तेच काम करतो. कम्पाइल म्हणजे संकलन करणे, कलेक्शन म्हणजे संग्रह, कन्सेन्ट म्हणजे संमती, कॉन्टॅक्ट म्हणजे संपर्क, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे संविधान. प्रत्येक वेळी 'सं' सापडेलच असं नाही, पण इतक्यांदा सापडतो की अनोळखी शब्दाला आधी ही किल्ली लावून बघावी. कुलूप उघडलं नाही तर सोडून द्या: कोम (सी-ओ-एम-बी, कंगवा) आणि कॉमेट (धूमकेतू) या कुळातले नाहीत. उलट कॉन्ट्रॅक्ट दिसायला 'काँट्रा', म्हणजे 'विरुद्ध', वाटतो; प्रत्यक्षात तो 'कॉन' आणि 'ओढणे' या अर्थाच्या धातूचा. काँट्राडिक्ट मात्र खरोखर 'विरुद्ध बोलणे'.

दुसरं छोटं कूळ 'कॉर्पस' म्हणजे शरीर. पुण्यात पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसमध्ये 'कॉर्पोरेशन'चं (महापालिकेच्या थांब्याचं) तिकीट मागतो ती कॉर्पोरेशन म्हणजे कायद्याने एक शरीर मानलेली संस्था. कॉर्प्स म्हणजे प्रेत, कॉर्प्युलंट म्हणजे लठ्ठ. आणि एनसीसीतला शेवटचा 'सी' म्हणजे दल. लिहिताना शेवटी पी-एस, वाचताना दोन्ही गायब, उच्चार नुसता 'कोअर'. गाभा या अर्थाचा 'कोअर' वेगळा, त्याचं स्पेलिंग सी-ओ-आर-ई.

जुळ्यांना एका दिवशी हात लावू नका. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. लष्कराच्या सदर्न कमांडमधला 'कमांड' म्हणजे आज्ञा किंवा आधिपत्य, 'कमेंड' म्हणजे वाखाणणे. 'सेन्सर' म्हणजे कात्री लावणे, 'सेन्शर' म्हणजे कडक शब्दांत निंदा. 'कॉम्प्लिमेंट' मध्ये आय असला तर प्रशंसा, ई असला तर पूरक. जोडीतला एक शब्द पक्का होईपर्यंत दुसऱ्याचं कार्ड करायचंच नाही. परीक्षेच्या पुस्तकात अशा जोड्या शेजारी छापतात. ती यादी उजळणीसाठी ठीक, पहिल्या पाठांतरासाठी नव्हे.

कार्डाच्या पुढे फक्त स्पेलिंग. मागे देवनागरीत उच्चार (आघाताच्या अवयवाखाली, म्हणजे शब्दाच्या ज्या तुकड्यावर जोर येतो त्याखाली, रेघ), मराठी अर्थ आणि तुमच्या रोजच्या जगण्यातलं एक वाक्य. आघात वगळू नका: 'कॉन्टेन्ट'मध्ये पहिल्यावर जोर दिला तर आशय, दुसऱ्यावर दिला तर समाधानी. शब्दासोबत येणारं शब्दयोगी अव्ययही लिहा, कारण आपल्या चुका तिथेच होतात. 'कोप विथ' बरोबर, मधला 'अप' नको. 'कन्सिस्ट'ला 'ऑफ' लागतो, 'कम्प्राइज'ला कर्तरी वाक्यात लागत नाही. 'काँग्रॅच्युलेट'पुढे 'फॉर' नव्हे, 'ऑन' लिहा. 'चार्ज'चा अर्थ तर शेजाऱ्यावरूनच ठरतो: 'चार्ज फॉर' पैसे आकारणे, 'चार्ज विथ' आरोप ठेवणे, 'इन चार्ज ऑफ' जबाबदारी असणे. अशा शब्दाला अर्थागणिक वेगळं कार्ड आणि पुढच्या बाजूला रिकाम्या जागेचं वाक्य.

उजळणीला मिठाईचा रिकामा खोका घ्या आणि पुठ्ठ्याने त्याचे पाच कप्पे करा. जर्मन पत्रकार सेबॅस्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ, पाचवा सोळा दिवसांनी. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. जुळ्यातला पहिला शब्द चौथ्या कप्प्यात पोचला की दुसऱ्याचं कार्ड करा. रोज नवी कार्डं सहाच. उत्साहात चोवीसही एकदम भरली तर चौथ्या दिवसापर्यंत उजळणी तुंबते आणि खोका माळ्यावर जातो. उत्तर मोठ्याने बोलून मगच कार्ड उलटा. अभ्यासिकेत बसला असाल तर कागदावर लिहा. नुसतं बघून 'हे येतं मला' म्हणणं मोजू नका.

'सी'नंतर लगेच 'के' किंवा 'एस' घेऊ नका, उच्चार गुंततात. 'टी' किंवा 'डब्ल्यू' घ्या. 'एक्स', 'वाय', 'झेड' यांचे स्वतंत्र गठ्ठे करण्यात अर्थ नाही. तिन्ही मिळून एक पुरतो.