फिनिक्सला येताय? आधी अंगणात एक खड्डा खणून बघा

परभणी, लातूर, नांदेडकडची बरीच पोरं आता अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला लागून असलेल्या चँडलर-गिल्बर्टकडं यायला लागली आहेत. वर्षा-दोन वर्षांत घर घेतात, आणि पहिल्या उन्हाळ्यातच मला फोन येतो, "काका, कढीपत्ता वाळला. वाळवंटातली वाळूच ती, म्हणून रोज पाणी घालत होतो." एका वाक्यात दोन चुका. ती वाळू नसते, आणि पाणी रोज घालायचं नसतं.

लायसन्स, क्रेडिट कार्ड, मुलांच्या शाळा यांवर सांगणारे मंडळाच्या गणपतीत शंभर भेटतील. मातीवर कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहितोय. सतरा वर्षं इथं आहे, आणि त्यातली पहिली तीन मूर्खपणात घालवली आहेत.

आमचं शेत सेलू तालुक्यात, दुधनेच्या बाजूला. काळी कसदार जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चपलेला पाच किलो चिखल. त्या मातीत वाढलेल्या माणसाला इथली फिक्कट, तांबूस-तपकिरी जमीन बघून वाटतं, ही काय माती आहे का! आहे. या भागातल्या एका मातीला 'कासा ग्रांदे' म्हणतात आणि अ‍ॅरिझोनाची प्रातिनिधिक माती म्हणून तिचाच मान आहे. शास्त्रवाले हिला एरिडिसॉल या मोठ्या गटात टाकतात, म्हणजे वर्षाचा बहुतेक काळ कोरडी राहणारी माती, आणि त्यातही नॅट्रार्जिड. या नावाचा अर्थ कळला की निम्मं काम होतं: खाली चिकणमातीचा थर, आणि त्या थरात सोडियम ठासून भरलेलं.

हे मला कोणा तज्ज्ञानं सांगितलं नाही. वडील पहिल्यांदा इथं आले तेव्हा मागच्या अंगणात उकिडवे बसले, ढेकूळ फोडलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि थुंकले. म्हणाले, "आरं, ही तं चोपण हाये. विमानात बसून इतक्या लांब आलास ते चोपण घ्यायला?"

चोपण म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको, पण हल्लीची बरीच पोरं शेतकऱ्याची असूनही शेतात गेलेली नसतात, म्हणून सांगतो. खारवट जमिनीत नुसते क्षार जास्त असतात, भरपूर पाणी देऊन ते खाली ढकलता येतात. चोपण जमिनीत सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतं. कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात विरघळल्यासारखे पसरतात आणि जमिनीची छिद्रं बुजवून टाकतात. मग पाणी वर तळं करून राहतं आणि चार बोटं खाली कोरडं ठणठणीत. कासा ग्रांदेत खारवट आणि चोपण हे दोन्ही गुण एकत्र असतात.

आता माझी चूक. मोसंबीचं रोप मिळेना म्हणून संत्र्याची चार, आंब्याची दोन आणि डाळिंबाची दोन झाडं आणली. खड्डे खणायला माणूस लावला. दोन फुटांवर त्याची पहार टणकन वाजली. तो म्हणाला, "कलीची." कलीची म्हणजे आपली चुनखडी, पण इथं ती काही ठिकाणी सिमेंटसारखी सलग पाटा होऊन बसलेली असते. थेंबभर व्हिनेगर टाकलं की फसफसते. मी म्हटलं, राहू दे, वर पोयट्याची माती टाकू. म्हणजे मी झाडं सिमेंटच्या बादलीत लावली. त्यात मागच्या नळाला कारखान्यातून आल्यासारखं मऊ पाणी येत होतं, कारण घर बांधणाऱ्यानं तो नळ सॉफ्टनरमधून, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या लाइनीला जोडला होता. साधारणपणे बाहेरचे नळ वगळलेले असतात, आमचा नव्हता. मिठावर चालणारा सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. म्हणजे आधीच चोपण असलेल्या जमिनीला मी रोज ठिबकनं चोपणपणाचा डोस देत होतो. जूनमध्ये पानांची टोकं करपली, ठिबकच्या तोटीभोवती पांढरं कडं उमटलं, ऑगस्टमध्ये सहा झाडं गेली. खड्डे, रोपं, ठिबक धरून अठराशे डॉलर. डाळिंबं तेवढी जगली, कारण डाळिंबाला खारेपणा बराच सोसतो. संत्र्याला सोसत नाही.

म्हणून पुन्हा सांगतो: सॉफ्टनरचं पाणी झाडाला घालायचं नाही. बादलीनं नाही, तांब्यानं नाही, तुळशीला तर नाहीच. मागचा नळ कुठं जोडलाय ते घर घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात प्लंबरला दाखवा.

खड्डा कसा तपासायचा? आधी ८११ला फोन करा, ते येऊन गॅस-विजेच्या लाइनी फुकट रंगवून देतात. मग झाड लावायचं तिथं पहारीनं खोल जा. पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. चार तासांत पाणी निदान चार इंच उतरलं तर ठीक. नाही उतरलं तर कलीची पूर्ण फोडून आरपार वाट करा किंवा जागा बदला. दुसरी परीक्षा आणखी सोपी. वाळलेला मातीचा खडा काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड पाण्यात हळूच सोडा आणि हलवू नका. खडा नुसता फुटून तळाशी बसला तर काळजी नाही. त्याच्याभोवती दुधासारखा ढग पसरला आणि पाणी गढूळच राहिलं, तर सोडियम आहे. माझ्या ग्लासातला ढग दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच होता.

ढग आला तर मातीला जिप्सम, म्हणजे कॅल्शियम असलेलं एक खनिज, द्यायचं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकून जागा घेतं, पण हुसकलेलं सोडियम खाली वाहून न्यायला वर भरपूर पाणी द्यावं लागतं, नाहीतर ते तिथंच. मात्र दुकानदार जिप्सम सरसकट खपवतो, "कलीची विरघळवतं" म्हणून. अजिबात विरघळवत नाही. कलीचीत कॅल्शियम आधीच मुबलक आहे. शंका असेल तर प्रयोगशाळेत माती तपासून घ्या.

पाणी देण्याचा नियम: भाजीला एक फूट, झुडपाला दोन फूट, झाडाला तीन फूट खोल ओल गेली पाहिजे, आणि मग वाळू द्यायचं. लोखंडी सळई खुपसून बघा, ओलीत ती सहज जाते. रोज थोडं थोडं घातलं की क्षार मुळाशीच साचतात. इथं येणारं कोलोरॅडो नदीचं पाणी स्वतःच क्षार घेऊन येतं, ते ३३६ मैलांच्या कालव्यानं हवासू तलावातून वाळवंट ओलांडून चढवलेलं आहे. नदी आटली म्हणून २०२२ पासून फिनिक्सच्या दक्षिणेकडच्या पिनाल काउंटीतल्या शेतकऱ्यांचं हे पाणी तोडलं. कापूस, अल्फाल्फा (म्हणजे लसूणघास) घेणारी माणसं ती, आपल्यासारखीच. तरी आपली मंडळी घर घेतलं की आधी हिरवळ अंथरतात. पुण्याकडच्यांना तर गवताशिवाय घर वाटतच नाही. २०१६ला लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं ज्यानं पाहिलंय, त्यानं तरी हे करू नये, एवढंच माझं म्हणणं.

पाऊस वर्षाला सात-आठ इंच, म्हणजे दोनशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडं सातशेच्या आसपास पडला तरी आपण दुष्काळाच्या गोष्टी करतो! त्यातला बराचसा हिवाळ्यात रिमझिम आणि बाकीतला मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्ये विजांसह. इथंही त्याला 'मान्सून'च म्हणतात, ऐकून हसू येतं. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा वर होता, म्हणजे ४३ सेल्सिअस. परभणीचा मे पाहिलेल्याला दिवस नवा नाही, रात्र मात्र नवी आहे, ती थंडच होत नाही. मेथी-कोथिंबीर ऑक्टोबरमध्ये पेरा, टोमॅटो फेब्रुवारीअखेर लावा. मे महिन्यात काही लावायच्या भानगडीत पडू नका.

घर किंवा प्लॉट घेताना डोंगर कुठं आहे ते बघा. इथं डोंगर एकदम उभे राहतात आणि त्यांच्या पायथ्यापासून गाळाचा पंखा पसरत येतो. वरच्या टोकाला गोटे आणि भरड, मध्ये पोयटा, तळाच्या सपाटीला बारीक गाळ, चिकण आणि क्षार. कासा ग्रांदे माती जुन्या पंख्यांच्या आणि जुन्या खोऱ्यांच्या अशाच सपाट जागी सापडते, उतार पाच टक्क्यांच्या आत. बाग करायची हौस असेल तर तळ टाळा. कोरडा ओढा, म्हणजे 'वॉश', घरामागं असेल तर पावसात तो ओढाच असतो हे विसरू नका. आणि पिनालकडं प्लॉट स्वस्त दिसला तर राज्याच्या भूविज्ञान खात्याचा भेगांचा नकाशा आधी उघडा. भूजल उपसून उपसून तिथं जमीन खचली आहे आणि लांबच लांब भेगा पडल्या आहेत. आपल्या काळ्या मातीची भेग पावसानं मिटते, ही मिटत नाही.

आता धूळ. वादळात समोर धुळीची भिंत दिसली की गाडी रस्त्यावरून पूर्ण बाजूला घ्या, दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू ठेवले तर मागचा तुमच्या दिव्यांमागं येऊन आदळतो. दुसरं म्हणजे व्हॅली फीवर. या मातीत कॉक्सिडिऑइडीस नावाची बुरशी राहते, खणताना किंवा वाऱ्यानं तिचे बीजाणू छातीत जातात. एक ते तीन आठवड्यांनी खोकला, ताप, भयंकर थकवा. साधा न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक दिलं जातं आणि ते बुरशीवर चालत नाही. बहुतेकांचं आपोआप बरं होतं, पण मधुमेही आणि गरोदर बायकांनी अंगावर काढू नये. डॉक्टरला स्वतःहून विचारा, "व्हॅली फीवरची तपासणी करू का?" बायकोला झाला तेव्हा आम्ही विचारलं नाही. पाच आठवडे गेले. खणायच्या आधी जमीन ओली करा, मास्क लावा.

विंचू असतात. चपला झटकून घाला.

पाहुणे आले की कूलिजजवळच्या कासा ग्रांदेच्या अवशेषांना घेऊन जा. साधारण १३५०च्या सुमारास होहोकाम या इथल्या प्राचीन मूळ लोकांनी बांधलेला चार मजली वाडा आहे, सगळा कलीचीच्या चिखलाचा. त्याच चुनखडीनं माझी संत्री मारली होती. वडील त्या भिंतीवर सावकाश हात फिरवत राहिले, रखवालदारानं हटकेपर्यंत.

आणि हो, येताना गावची माती, रोपं, ओला कढीपत्ता बॅगेत टाकू नका. विमानतळावर काढून घेतात, वर दंड. कढीपत्त्यावरून येणारी कीड इथल्या संत्र्याच्या बागांना रोग लावते, त्यामुळे ते फार कडक असतात. कढीपत्त्याची फांदी माझ्याकडं मिळेल. कुंडीत आहे, सॉफ्टनरविना.