पर्जन्यमापकातली कोळ्याची जाळी पावसाळ्याआधी काढा

शेतातलं स्वयंचलित हवामान केंद्र भर पावसात शून्य मिलिमीटर दाखवत असेल, तर आधी पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलून आत बघा. आतलं छोटं हिंदकळणारं भांडं दर 0.2 मिमी पावसाला एकदा कलंडतं. कोळ्याने भांड्यापासून चौकटीपर्यंत चार धागे ताणले, तरी ते अडकतं. कुंभारीण माशी नरसाळ्याचं भोक चिखलाने लिंपून टाकते ते वेगळंच.

मे महिन्यातच सफाई उरका. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे. भांड्याला आतून बोट लावू नका, तेलकटपणाने थेंब चिकटून राहतात. खालच्या निचऱ्याच्या भोकांना स्टीलची बारीक जाळी लावा आणि खांबाला ग्रीसचा पट्टा द्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पट्ट्यावर धूळ बसली की तो बदलावा लागतो.

कीटकनाशकाचा फवारा मात्र अजिबात नको. शेजारच्या आर्द्रतेच्या सेन्सरवर तो बसला, तर आकडे कायमचे बिघडू शकतात.

शेवटी केबल काढून चाचणी घ्या, नाहीतर खोटा पाऊस नोंदला जाईल. नरसाळ्याचं तोंड 200 चौरस सेंमी असेल, तर सावकाश ओतलेल्या 200 मिली पाण्याला भांडं साधारण 50 वेळा कलंडायला हवं.