काळेकुट्ट केस आणि उडणारा वटवृक्ष: सूर बिघडवणाऱ्या या चुका टाळा

एखाद्या संस्थेची स्मरणिका तपासायला आली की मी आधी अध्यक्षांचं मनोगत उघडतो आणि रोपटं शोधतो. ते असतंच. पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी लावलेलं इवलंसं रोपटं, त्याचा आता वटवृक्ष झालेला, आणि पुढच्याच वाक्यात त्या वटवृक्षाने गगनभरारी घेतलेली. वड उडाला! लिहिणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याच्या लेखी वटवृक्ष हे झाड उरलेलंच नसतं. ‘मोठी संस्था’ या अर्थाचा तो शिक्का झालेला असतो. वाचणाऱ्याला मात्र पारंब्यांसकट आभाळात निघालेलं झाड दिसतं आणि गंभीर मजकुरावर तो फिस्सकन हसतो. वड हवाच असेल तर त्याला वडाचंच काम द्या, सावलीचं, पारंब्यांचं. नाहीतर पहिल्या सभेला किती जण आले होते आणि आज सभासद किती आहेत, एवढं सरळ लिहा.

रंगाच्या मागे लागलेला शब्द

सूर बिघडल्याची सगळ्यात जास्त उदाहरणं मला इथे सापडतात. ‘तिचे काळेकुट्ट केस वाऱ्यावर भुरभुरत होते’ हे वाक्य चक्क एका प्रेमकथेत होतं. काळाकुट्ट अंधार असतो, काळेकुट्ट ढग असतात. त्या ‘कुट्ट’मध्ये धास्ती आहे. केस काळेभोर, डोळेही काळेभोर. रंग तोच, पण एका शब्दाने नायिकेची हडळ झाली.

लाल रंगाचंही तसंच. डाळिंबाचे दाणे लालचुटुक, रागाने चेहरा लालबुंद, आणि साडीला लालभडक म्हटलं की ती तुम्हाला आवडलेली नाही हे सांगून झालं, पुढे नाक मुरडायची गरज नाही. सदरा पांढराशुभ्र असतो. भीतीने चेहरा पडतो तो पांढराफटक. प्रत्ययसुद्धा बाजू घेतात. ऊन पिवळसर, दात पिवळट. त्या ‘ट’मध्ये नापसंती आहे, म्हणून मोगऱ्याच्या कळीला ‘हिरवट’ म्हणताना माझा हात अडखळतो.

इथे शब्दकोश फारसा कामी येत नाही, तो फक्त ‘अतिशय काळा’ असा अर्थ देऊन मोकळा होतो. हा शब्द याआधी कशाबद्दल ऐकलाय ते आठवा. आजीच्या तोंडून ऐकलेला असेल तर उत्तमच.

वासाच्या शब्दांत तर उपमा आधीच शिजलेली असते. कुबट म्हटलं की न वाळलेले कपडे आले, खवट म्हटलं की जुनं खोबरं. त्यामुळे ‘जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास’ लिहून तुम्ही एकच गोष्ट दोनदा वाढता.

‘मयत’ कुठे चालतो

सोसायटीच्या ग्रुपवर संदेश येतो: ‘आपल्या इमारतीतील अमुक यांचे वडील काल रात्री मयत झाले आहेत.’ माहिती बिनचूक, पण वाचून वाटतं की पाठोपाठ पंचनाम्याला कुणी येणार. गावाकडे ‘मयतीला जाऊन आलो’ सहज म्हणतात, तिथे तो शब्द घरचाच आहे. शहरातल्या लेखी संदेशात मात्र तो वारसनोंदीतून उठून आल्यासारखा वाटतो. ‘वारले’ साधा आहे आणि पुरेसा अदबीचा आहे. ‘निधन झाले’ वर्तमानपत्री. ‘देवाज्ञा झाली’ जुन्या कार्डांवरचा. ‘गेले’ सगळ्यात जवळचा, आणि म्हणूनच तो वाटेल त्याने वापरायचा नाही. मुलाने ‘बाबा गेले’ लिहावं. सोसायटीच्या सेक्रेटरीने तेच लिहिलं तर सलगी होते.

उपमा एकटी येत नाही

ही चूक माझी. एका शिक्षकांच्या निरोप समारंभासाठी मी मानपत्र लिहिलं आणि त्यात ‘मावळत्या सूर्याचे सौम्य तेज’ घातलं. मला सौम्यपणा तेवढा हवा होता. कार्यक्रम संपल्यावर सर माझा हात हातात घेऊन म्हणाले, ‘‘अहो, अठ्ठावन्नच पूर्ण झालीत. इतक्यात मावळवलंत?’’ ते हसले. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मिसेस हसल्या नाहीत.

सूर्यातला एक गुण मी उचलला होता, त्यांच्यापर्यंत मावळतीमागची रात्रही पोचली. ‘आई मेणबत्तीसारखी झिजली’ हेही असंच फसतं. झिजायचं ते चंदनाने. त्यात सहाण येते, देवघर येतं, सुगंध येतो. मेणबत्ती वितळते आणि वीज गेल्याची आठवण करून देते. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस समोरच्या खुर्चीत बसलाय असं धरून वाक्य एकदा मोठ्याने वाचा. मी वाचलं नव्हतं.

उपमांची पेढी बदलू नका

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला जे झालं त्याची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, असं सांगतात. मजकूर हिशेबाचा: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, खुर्दा म्हणजे चिल्लर, इथे साधे शिपाई. यात रक्त नाही, आक्रोश नाही. मोती, मोहरा, रुपये, खुर्दा सगळं एकाच पेढीवरचं, उतरत्या मोलाने मांडलेलं. मध्येच ‘दोन सिंह धारातीर्थी पडले’ असं आलं असतं तर भाषण झालं असतं. अंगावर काटा येतो तो त्या वहीच्या कोरडेपणामुळे. खुर्द्यात जमा झालेल्यांच्या घरी हाच मजकूर वाचला गेला असता तर तो कसा लागला असता, हा विचारही मनात येतो. मोलाची उतरंड लावली की कुणीतरी तळाला जातंच.

जणू आणि सारखा एकत्र नकोत

‘एसटी जणू म्हाताऱ्या बैलासारखी घाट चढत होती.’ यातला एक शब्द काढा. ‘सारखी’ ठेवलंत तर तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून तुलना करताय. ‘जणू’ ठेवून ‘एसटी जणू कण्हतच घाट चढत होती’ म्हटलंत तर तुम्ही आत बसलाय. दोन्ही काढून नुसतं ‘म्हातारा बैल घाट चढत होता’ लिहायचं असेल, तर हा बैल एसटीच आहे हे आधीच्या वाक्यात कळलेलं असू द्या. आणि यातलं काहीच नको वाटलं, तर ड्रायव्हरने पायथ्याशी पहिला गिअर टाकला तो माथा येईपर्यंत बदलला नाही, एवढं लिहिलं तरी चालतं.