तिसऱ्यांदा तीच स्थिती आली तर

बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे यांच्या सांगलीतली आमची पोरं वजीर द्यायला घाबरत नाहीत, पण बरोबरी मागताना गडबडतात.

पडत्या डावात शह देत राहिलास आणि आता तुझ्या खेळीने पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार? मग बरोबरी मागता येते, पण सोंगटीला हात लावू नकोस. खेळी आधी खेळ्या नोंदवायच्या कागदावर लिही, घड्याळ थांबव, पंचांना बोलव. खेळी करून घड्याळ दाबलंस, की मागायचा हक्क समोरच्याचा.

स्थिती सलग यायलाच हवी असं नाही. पाळी मात्र त्याच खेळाडूची हवी. पंच तुझाच कागद तपासतात, म्हणून अक्षर नीट काढ बाबा! दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं मिळतात. तीच स्थिती पाचव्यांदा आली, तर पंच स्वतःहून डाव बरोबरीत सोडवतात.