फायनान्शियल अ‍ॅनालिटिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण: आधी काय पक्कं करावं

पहिलं सत्र सुरू व्हायला दोन-तीन महिने असतील, तर ते संख्याशास्त्राला द्या. पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) सरावाने येतात. प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) आणि रिग्रेशन (दोन गोष्टींमधला संबंध आकड्यांत मांडायची पद्धत) कच्चं राहिलं की पुढचं सगळं डळमळतं. ताळेबंद वाचता यायलाच हवा.

मग एकच छोटा प्रकल्प करा, पण नीट. एका शेअरचे पाच वर्षांचे रोजचे बंद भाव घ्या, तेही बोनस शेअर आणि शेअर-विभाजनासाठी समायोजित केलेले. नाहीतर एका शेअरचे दोन झाले त्या दिवशी ५० टक्के तोटा दिसेल. रोजच्या परताव्याचं प्रमाण विचलन १ टक्का आलं, तर वार्षिक आकड्यासाठी २५२ ने (वर्षातले बाजाराचे साधारण दिवस) नाही, २५२ च्या वर्गमुळाने गुणायचं. उत्तर साधारण १५.९ टक्के.

सगळ्यात घातक चूक म्हणजे भविष्यातली माहिती अंदाज बांधणाऱ्या मॉडेलमध्ये शिरणं. तिमाही मार्चअखेर संपते, निकाल मात्र काही आठवड्यांनी येतो. तो १ एप्रिललाच वापरला, तर कागदावर नफाच नफा! म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो जाहीर झाल्याची तारीख ठेवा, आणि चाचणीसाठीचा डेटा काळाच्या क्रमानेच वेगळा काढा, म्हणजे मॉडेल जुन्या डेटावर बांधा, नंतरच्यावर तपासा. मुलाखतीत नेमकं हेच खोदून विचारतात.