‘हॅव’ वापरताना या चुका टाळा: जिथं अर्थच बदलतो, तिथून सुरुवात करा

इंग्रजीत सतत लागणाऱ्या क्रियापदांमध्ये ‘हॅव’ अगदी वरच्या रांगेत आहे. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. ‘हॅव, हॅज, हॅड’ ही रूपं मुलांकडून चांगली पाठ करून घेतली जातात, ‘आय हॅव अ पेन’ म्हणजे ‘माझ्याकडे पेन आहे’ हेही पक्कं होतं. तरीही मुलाखतीत, ऑफिसच्या मेलमध्ये किंवा परदेशातल्या डॉक्टरांशी बोलताना याच शब्दापाशी गाडी अडते. यात शिकणाऱ्याच्या बुद्धीचा काही दोष नाही. मराठीत ‘हॅव’च्या जोडीला बसवता येईल असं क्रियापदच नाही, हे कारण आहे.

‘मला दोन बहिणी आहेत’, ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘आमची गावाला शेती आहे’, ‘या घराला तीन खिडक्या आहेत’. या चारही वाक्यांत क्रियापद एकच, ‘असणे’. नातं, ताबा, मालकी हा फरक आपण ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘आमची’, ‘घराला’ असं म्हणून दाखवतो. इंग्रजीत चारही ठिकाणी ‘हॅव’ चालतं. आणि तेच ‘हॅव’ सक्ती सांगतं, काळ घडवतं, जेवण-चहालाही वापरलं जातं, दुसऱ्याकडून काम करून घेतल्याचंही सांगतं. ‘आहे, होता, लागतं, घेतलं’ एवढी मराठी क्रियापदं या एका शब्दात कोंबायची म्हटल्यावर गोंधळ होणारच.

चुका दोन प्रकारच्या असतात. काही नुसत्या कानाला खटकतात, समोरच्याला अर्थ कळतो. काहींमुळे अर्थच बदलतो. आपल्याकडे पहिल्या प्रकारच्या चुकांवर फार हसलं जातं आणि दुसऱ्या प्रकाराकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला ही प्राधान्यं उलटी वाटतात, म्हणून दुसऱ्या प्रकारापासून सुरुवात करतो.

‘डोन्ट हॅव टू’ ही मनाई नव्हे

‘यू हॅव टू साइन हिअर’ म्हणजे इथं सही करावीच लागेल. आता ‘यू डोन्ट हॅव टू साइन हिअर’ म्हणजे काय? अनेक जण पटकन सांगतात, ‘इथं सही करायची नाही.’ खरा अर्थ आहे, ‘इथं सही करायची गरज नाही’. केलीत तरी बिघडत नाही. मराठीत ‘उद्या यायचं नाहीये’ हे एकच वाक्य सुट्टी असल्याचंही सांगतं आणि येऊ नका असंही सांगतं. संदर्भावरून आपल्याला बरोबर कळतं. इंग्रजीत मात्र या दोन गोष्टींसाठी दोन वेगळी रूपं आहेत. मनाई करायची असेल तर ‘मस्ट नॉट’, ‘कान्ट’ किंवा साधं ‘डोन्ट’.

हा फरक कुठं महत्त्वाचा ठरतो, त्याचं एक उदाहरण. डॉक्टर म्हणाले, ‘यू डोन्ट हॅव टू टेक धिस विथ मिल्क’, तर गोळी दुधाबरोबरच घ्यायला हवी असं नाही. ‘यू मस्ट नॉट टेक धिस विथ मिल्क’ म्हणाले, तर दुधाबरोबर घेऊच नका. टेट्रासायक्लिन गटातली काही अँटिबायोटिक्स दुधाबरोबर घेतली तर शरीरात नीट शोषली जात नाहीत. अशा वेळी दोन वाक्यांची गल्लत म्हणजे औषध वाया.

‘हॅव टू’ ऐकताना आणखी एक अडचण येते. वेगात बोलताना त्याचा उच्चार ‘हॅफ टू’ होतो, ‘हॅज टू’चा ‘हॅस टू’. फोनवर ‘हॅफ’ ऐकून ‘हाफ’ शोधत बसू नका. आणि भूतकाळात सक्ती सांगायची असेल तेव्हा ‘मस्ट’चं काम ‘हॅड टू’ करतं: ‘मला काल थांबावं लागलं’ म्हणजे ‘आय हॅड टू स्टे बॅक यस्टरडे’.

‘होता’ आलं म्हणून ‘हॅड’ आणू नका

ऑफिसमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक ही, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

‘मी काल मेल पाठवला होता.’ मराठी म्हणून वाक्य चोख आहे. त्याचंच इंग्रजी होतं, ‘आय हॅड सेंट द मेल यस्टरडे.’ मराठीतला ‘होता’ घडून गेलेली गोष्ट थोडी मागे नेऊन ठेवतो, एवढंच. इंग्रजीतल्या ‘हॅड सेंट’ला भूतकाळातला दुसरा एखादा क्षण सोबतीला लागतो, ज्याच्या आधी हे घडलं: ‘व्हेन यू कॉल्ड, आय हॅड ऑलरेडी सेंट द मेल.’ तुम्ही फोन केलात त्याच्या आधी मेल गेलेला होता. तो दुसरा क्षण नसेल तर वाचणारा वाट पाहत राहतो. पाठवला होता, मग काय झालं? परत घेतला? पोचला नाही? साधं ‘आय सेंट द मेल यस्टरडे’ लिहिलं की प्रश्नच मिटतो. ‘मी गेल्या आठवड्यात नाशिकला गेलो होतो’ म्हणजेही ‘आय वेंट टू नाशिक लास्ट वीक’.

तपासायची रीत सोपी आहे. ‘हॅड’ लिहिलंत की स्वतःला विचारा, ‘कशाच्या आधी?’ वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात त्याचं उत्तर सापडलं तर ‘हॅड’ राहू द्या. नाही सापडलं तर काढून टाका.

मुख्य क्रियापद म्हणून आलेल्या ‘हॅड’चीही काळजी घ्या. ‘आय हॅड ॲन अकाउंट विथ यू’ असं बँकेला कळवलंत, तर खातं आता बंद आहे असंच समोरचा समजेल. खातं चालू असेल तर ‘आय हॅव’.

‘हॅड हॅड’ मात्र बघून घाबरू नका. ‘आय हॅड हॅड माय लंच बिफोर ही केम’ हे वाक्य पूर्ण बरोबर आहे. पहिलं ‘हॅड’ काळासाठी, दुसरं जेवणासाठी. मोबाइलने खाली लाल रेघ ओढली तरी त्यातलं एक खोडू नका.

याच कुटुंबातलं एक फसवं रूप म्हणजे ‘हॅड बेटर’. दिसायला भूतकाळ, पण बोलतं आत्ताबद्दल. ‘फॉर्म आजच भरलेला बरा’ असं आपण वडीलधाऱ्यांनाही आदराने म्हणू शकतो. ‘यू हॅड बेटर सबमिट द फॉर्म टुडे’ यात मात्र ‘नाहीतर पस्तावाल’ असा सूर आहे. हाताखालच्या माणसाला किंवा मित्राला ते चालेल. साहेबांना, ग्राहकाला, सासऱ्यांना ‘इट वुड बी बेटर टू सबमिट इट टुडे’ असंच म्हणा.

‘कालच पाठवलंय’ आणि ‘२०१५ पासून करतोय’

‘मी कालच पाठवलंय’ यात ‘काल’ आणि ‘पाठवलं आहे’ सुखाने शेजारी बसतात. इंग्रजीत ही जोडी जमत नाही. ‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’ चूक. काल, सकाळी, मागच्या सोमवारी, २०१९ मध्ये अशी संपून गेलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ गळून पडतं: ‘आय सेंट इट यस्टरडे.’ वेळ सांगायची नसेल, फक्त काम झालंय एवढंच कळवायचं असेल, तर ‘आय हॅव सेंट इट’. ‘कधी?’ विचारतानाही हाच नियम. ‘व्हेन हॅव यू सेंट इट?’ असं न म्हणता ‘व्हेन डिड यू सेंड इट?’ म्हणायचं.

जिथं ‘हॅव’ हवंच असतं, तिथं मात्र आपण ते विसरतो. ‘मी २०१५ पासून इथं काम करतोय’ यातलं ‘करतोय’ वर्तमानकाळी आहे, म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१५’ तोंडात येतं. भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१५’ लागतं. त्यातही ‘पासून’ दोन ठिकाणी येतं आणि दोन्हीकडे ‘सिन्स’ लावलं जातं. ‘२०१५ पासून’ हा सुरुवातीचा बिंदू आहे, तिथं ‘सिन्स’. ‘तीन वर्षांपासून’ ही लांबी आहे, तिथं ‘फॉर थ्री इयर्स’. नोकरीच्या मुलाखतीत पहिल्याच उत्तरात हे वाक्य येतं, म्हणून ते मोठ्याने म्हणून जिभेवर बसवून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

‘गेलाय’चंही असंच. ‘ही हॅज गॉन टू मुंबई’ म्हणजे तो मुंबईला गेलाय, अजून तिकडेच आहे. जाऊन आला असेल तर ‘ही हॅज बीन टू मुंबई’. त्यामुळे तुमच्यासमोर उभा असलेला माणूस स्वतःबद्दल ‘आय हॅव गॉन टू गोवा ट्वाइस’ म्हणू शकत नाही. त्याला ‘आय हॅव बीन टू गोवा ट्वाइस’ म्हणावं लागेल.

‘हॅविंग’: कुठं चालतं, कुठं अजिबात नाही

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ या वाक्यावर वर्षानुवर्षं हसलं गेलंय. भारतात ते सगळ्यांना कळतं. भारताबाहेर आणि इंग्रजीच्या परीक्षांमध्ये ते चूक धरलं जातं. नातं, मालकी, आजार, गुण या टिकून असलेल्या गोष्टी आहेत, चालू असलेल्या क्रिया नव्हेत. म्हणून तिथं साधं ‘हॅव’: ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘शी हॅज डायबेटीस’, ‘आय हॅव फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपिरियन्स’. दुकानात सुटे मागताना ‘आर यू हॅविंग चेंज?’ नको, ‘डू यू हॅव चेंज?’ म्हणा.

पण हे ऐकून काही जण ‘हॅविंग’लाच घाबरतात, तेही बरोबर नाही. ‘हॅव’चा अर्थ खाणं, पिणं, अनुभवणं असा असेल तर ‘हॅविंग’ अगदी योग्य: ‘वी आर हॅविंग लंच’, ‘दे आर हॅविंग अ गुड टाइम’, ‘आय ॲम हॅविंग ट्रबल विथ द नेटवर्क’. मराठीत अर्थ लावून पाहा. ‘जेवतोय’, ‘पितोय’, ‘मजा करतोय’, ‘त्रास होतोय’ असं बसलं तर ‘हॅविंग’ घ्या. नुसतं ‘आहे’ बसलं तर ‘हॅव’.

एका जागी मात्र ही चूक अर्थ बदलते. ‘वी आर हॅविंग अ बेबी’ म्हणजे आमच्याकडे बाळ येणार आहे. घरात आधीच असलेल्या मुलांबद्दल ‘वी आर हॅविंग टू किड्स’ म्हणालात, तर ऐकणारा जुळ्यांसाठी अभिनंदन करेल.

स्वतः केलं की करून घेतलं?

‘मी केस कापले’ म्हणताना कात्री न्हाव्याच्या हातात होती हे मराठीत सांगावं लागत नाही. ‘आय कट माय हेअर’ म्हणजे मात्र आरशासमोर बसून स्वतः कापले. करून घेतलं असेल तर ‘आय हॅड माय हेअर कट’. डोळे तपासून घेतले, ‘आय हॅड माय आईज टेस्टेड’. गाडी दुरुस्त करून घेतली, ‘आय हॅड माय बाइक रिपेअर्ड’. इथं शब्दांचा क्रमच सगळं ठरवतो: आधी वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. क्रम उलटला आणि ‘आय हॅड रिपेअर्ड माय बाइक’ झालं, की आपण पुन्हा आधीच्या ‘हॅड’पाशी येतो आणि मेकॅनिक तुम्ही ठरता. घराच्या बाबतीत इंग्रजीही आपल्यासारखीच सैल आहे. ‘वी बिल्ट अ हाउस’ म्हटलं तरी विटा तुम्हीच रचल्या असं कुणी समजत नाही.

बारीकसारीक

‘डू, डज, डिड’ आले की पुढं ‘हॅव’च, दुसरं काही नाही. ‘डिड यू हॅड लंच?’ आणि ‘डज शी हॅज अ कार?’ दोन्ही चूक. ‘हॅव यू गॉट अ पेन?’ हे ब्रिटिश बोलीत नेहमीचं, ‘डू यू हॅव अ पेन?’ सगळीकडे चालणारं. दोघांची मिसळ करून ‘डू यू हॅव गॉट’ म्हणू नका. ‘हॅव यू अ पेन?’ जुन्या पुस्तकांत भेटेल, आज बोलण्यात ते जुनाट वाटतं.

‘माझा एक भाऊ पुण्याला असतो’ याचं ‘माय वन ब्रदर लिव्ह्ज इन पुणे’ करू नका. ‘आय हॅव अ ब्रदर इन पुणे’ म्हटलं की झालं. ‘माय हेड इज पेनिंग’ऐवजी ‘आय हॅव अ हेडेक’. वर्गात किंवा मीटिंगमध्ये शंका विचारताना भारताबाहेर ‘आय हॅव अ डाउट’ म्हणालात, तर सांगणाऱ्याच्या बोलण्यावर तुमचा विश्वास नाही असं वाटू शकतं. तिथं ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावं.

‘शुड हॅव’, ‘वुड हॅव’ भरभर बोलताना ‘शुडव्ह’, ‘वुडव्ह’ असे ऐकू येतात. त्यामुळे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे लोकही लिहिताना ‘हॅव’च्या जागी एक ‘एफ’वाला ‘ऑफ’ लिहितात. चॅटमध्ये तसं दिसलं तर उचलू नका. ‘मी यायला हवं होतं’ हे ‘आय शुड हॅव कम’ असंच लिहायचं, आणि ‘कम’चं ‘केम’ही करायचं नाही.